गेमिंगच्या स्टॉलवर शोभेला उभ्या केलेल्या मुली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात प्रदर्शनांचे स्टॉल उभे करायचे आणि त्यांवर माणसं लावायची, हे माझं काम. मोशीचं प्रदर्शन केंद्र, चिंचवडचं ऑटो क्लस्टर, शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाचं मैदान, कॉलेजांचे टेकफेस्ट, सगळीकडे फिरणं होतं. गेमिंगचे स्टॉल वाढले तसे तेच ते प्रश्न तीन बाजूंनी यायला लागले: कंपन्यांच्या मार्केटिंगवाल्यांकडून, काम करणाऱ्या मुलींकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून. सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हे पान. माझं मत आधीच सांगते: ही पद्धत बंद व्हावी, आणि ती बंद करण्याचा भार मुलींवर न पडता त्यांना आणणाऱ्यांवर पडावा.

नेमकी कोणती पद्धत?

व्हिडिओ गेम, गेमिंग लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड, हेडफोन अशा वस्तूंच्या स्टॉलवर दिवसाच्या बोलीवर तरुण मुली आणायच्या, त्यांना तोकडे, घट्ट कपडे द्यायचे आणि गर्दी खेचायला पुढे उभं करायचं. काम काय, तर हसायचं, पत्रकं वाटायची, येईल त्याच्याबरोबर फोटो काढून द्यायचा. परदेशात यांना ‘बूथ बेब’ म्हणतात. आपल्याकडचे कोऑर्डिनेटर, म्हणजे कंपन्यांना मुली पुरवणारे मधले लोक, ‘प्रमोटर’ किंवा ‘होस्टेस’ म्हणतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो तो असा: ‘अर्जंट रिक्वायरमेंट. फिमेल प्रमोटर, ३ दिवस, हाइट चांगली, फेअर, वेस्टर्न आउटफिट, हील्स मस्ट. फुल फोटो पाठवा.’ गेम खेळता येतो का, असं त्यात विचारलेलं मी कधी पाहिलं नाही.

हे सुरू कुठून झालं?

मोटारींच्या प्रदर्शनांत गाडीशेजारी मुलगी उभी करायची चाल जुनीच आहे. गेमच्या धंद्याने ती तिथून आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मेळ्यांतून उचलली. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसला ‘ई-थ्री’ हे गेमचं स्वतंत्र व्यापारी प्रदर्शन सुरू झालं. ते सामान्य प्रेक्षकांसाठी नव्हतं. तिथे दुकानांसाठी माल घेणारे खरेदीदार आणि गेमच्या मासिकांचे पत्रकार यायचे, आणि त्यांत पुरुष कितीतरी जास्त. शेकडो स्टॉल, कानठळ्या बसवणारा आवाज, सगळ्यांच्या स्क्रीनवर स्फोट आणि धूर. त्यात आपल्याकडे कोणी बघावं म्हणून कंपन्यांनी सर्वांत सोपी युक्ती धरली.

१९९६ मध्ये ‘टूम रेडर’ हा गेम आला आणि त्यातली नायिका लारा क्रॉफ्ट हिच्या वेशात फिरायला त्या कंपनीने खरोखरच्या मॉडेल नेमल्या. वर्षं लोटली की मॉडेल बदलायची, लारा तीच. पात्राच्या निमित्ताने मॉडेल आणायचा रस्ता यातून आणखी रुळला.

मासिकांनीही हातभार लावला. प्रदर्शनाच्या वृत्तांतात गेमच्या चित्रांशेजारी स्टॉलवरच्या मुलींची स्वतंत्र पानं छापली जायची, पुढे वेबसाइटवर गॅलऱ्या आल्या. फुकटची प्रसिद्धी मिळते म्हटल्यावर कंपन्या कशाला थांबतील?

ई-थ्रीने तर यावर बंदी आणली होती ना?

आणली होती. २००६ मध्ये आयोजकांनी नियम कडक केले: नग्नता, अर्धनग्नता, बिकिनीचा खालचा भाग असले पोशाख चालणार नाहीत, आणि मोडल्यास स्टॉलवाल्या कंपनीला ५,००० डॉलर दंड. दंड कंपनीला होता, मुलीला नव्हता, ही त्यातली सर्वांत चांगली गोष्ट.

पण पुढच्या दोन वर्षांत ते प्रदर्शनच आटलं. निवडक निमंत्रितांपुरतं राहिलं. २००९ मध्ये ते पुन्हा मोठ्या थाटात भरलं, तेव्हा मॉडेलही परतल्या. डिसेंबर २०२३ मध्ये ई-थ्री कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे नियम होता, तो लावायची इच्छा मात्र टिकली नाही. आपल्याकडच्या आयोजकांना मी हे नेहमी सांगते, कारण नियमावलीच्या चौदाव्या पानावर एक वाक्य छापलं की काम झालं, असं इथेही समजतात.

इतर प्रदर्शनांनी काय केलं?

मला सर्वांत पटतो तो अमेरिकेतल्या ‘पॅक्स’चा नियम. हा मेळा २००४ पासून भरतो, आणि तो खेळणाऱ्यांचा आहे. त्यांच्या नियमात बाई-पुरुष असा भेद नाही: स्टॉलवरचं कोणीही असो, लैंगिक आकर्षण वापरून माल खपवायचा नाही. गुडघ्यापासून चार इंचांहून वर जाणारे स्कर्ट-शॉर्ट्स नकोत, असं मापही त्यात दिलं होतं. पण खरी मेख पुढे आहे. मॉडेल आणायच्याच असतील तर त्यांना त्या गेमची माहिती दिलेली असली पाहिजे. या एका अटीने खेळच बदलतो. कारण माहिती द्यायची म्हणजे तिला आधी बोलवावं लागतं, गेम खेळायला द्यावा लागतो, तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. एवढं केलं की ती स्टॉलवरची शोभा राहत नाही, कामावरची माणूस होते.

लंडनच्या ‘युरोगेमर एक्स्पो’त २०१२ साली मुलींच्या शॉर्ट्सवर, मागच्या बाजूला, क्यूआर कोड चिकटवलेले होते. लोकांनी मोबाइल तिथे रोखून स्कॅन करायचं. त्यावर ओरड झाली आणि आयोजकांनी पुढच्या वर्षापासून अशा मॉडेल चालणार नाहीत असं सांगितलं.

शांघायच्या ‘चायनाजॉय’ने २०१५ मध्ये वेगळाच मार्ग धरला. छातीची फट २ सेंटीमीटरहून जास्त दिसली तर ५,००० युआन दंड. मला हा नियम अपमानास्पद वाटतो. बाईच्या अंगाला पट्टी लावून मोजणारा माणूस तुम्ही स्टॉलवर पाठवता, तेव्हा तिची प्रतिष्ठा राखली असं कसं म्हणायचं? मोजमाप करायचंच तर तिला गेमबद्दल किती सांगितलं, बसायला खुर्ची दिली का, पैसे कधी दिले, याचं करा.

गेमच्या बाहेरही हवा बदलली आहे. सायबर सुरक्षेच्या ‘आरएसए’ परिषदेने २०१५ मध्ये स्टॉलवरच्या पोशाखाचे नियम केले, फॉर्म्युला वनने २०१८ मध्ये शर्यतीच्या गाड्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या ‘ग्रिड गर्ल्स’ बंद केल्या, लास व्हेगासच्या ‘सीईएस’ या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनाने २०२० मध्ये नियम कडक केले.

स्टॉलचं ठीक, पण संध्याकाळच्या पार्टीचं काय? तिथे तर फक्त धंद्यातलीच माणसं असतात.

तिथे तर जास्तच जपायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘जीडीसी’ या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत २०१३ साली विकसकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पार्टीत नाचायला मुली आणल्या होत्या. ज्येष्ठ गेम डिझायनर ब्रेंडा रोमेरो यांनी त्या संघटनेच्या महिला गटाचं पद सोडलं. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच परिषदेच्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमिंग विभागाच्या पार्टीत शाळकरी मुलींसारख्या वेशातल्या नर्तकी उभ्या होत्या. त्याच परिषदेत त्याच कंपनीने गेम उद्योगातल्या स्त्रियांसाठी जेवणाचा कार्यक्रमही ठेवला होता. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांना जाहीर माफी मागावी लागली.

पुण्यातून प्रोग्रामर किंवा आर्टिस्ट म्हणून गेलेली एखादी मुलगी अशा पार्टीत शिरते, तेव्हा तिच्याकडे बघणारा आधी काय समजेल, एवढाच विचार करा.

पण गर्दी तर होते ना?

फोटो काढणाऱ्यांची होते. मालाची चौकशी करणाऱ्यांची होते का, हे मोजून बघा. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तंत्रज्ञान क्षेत्रातल्या एका मार्केटिंगवाल्याने आपला अनुभव लिहिला होता. एकाच प्रदर्शनात त्याने दोन स्टॉल लावले. एकावर मॉडेल, दुसऱ्यावर लोकांशी बोलायची सवय असलेल्या, वयाने मोठ्या, अनुभवी व्यक्ती. मॉडेल असलेल्या स्टॉलवर दुसऱ्याच्या मानाने निम्म्याहूनही कमी लोकांनी नावपत्ता दिला. हा एका माणसाचा प्रयोग, शास्त्रीय अभ्यास नव्हे. पण मी स्टॉलवर जे पाहते ते याच्याशी जुळतं. कॉलेजची पोरं घोळक्याने येतात, लांबून फोटो काढतात, एकमेकांना ढकलतात, हसतात आणि जातात. ज्याला साठ-सत्तर हजारांचा लॅपटॉप घ्यायचाय तो माणूस बायको-मुलांसह येतो, घोळका बघतो आणि पुढच्या स्टॉलकडे वळतो.

मोशीला एका गेमिंग लॅपटॉपच्या स्टॉलवर मी हे जवळून पाहिलं. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आईचा हात सोडून पुढे आला आणि स्टॉलवरच्या मुलीला म्हणाला, “ताई, हा गेम कसा चालू करायचा?” ती कावरीबावरी होऊन मागे बघायला लागली. मशीनला हात लावायचा नाही असं तिला सकाळीच बजावलेलं होतं. इंजिनिअर जेवायला गेलेला. मुलाने मिनिटभर वाट पाहिली आणि गेला. नंतर बोलले तर कळलं, ती सिंहगड रोडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. घरी भावाबरोबर रोज गेम खेळणारी. कंपनीने तिला एक शब्द विचारला असता तर तो लॅपटॉप तिने त्याच दिवशी विकून दाखवला असता.

आणि गिऱ्हाईक कोण, याचाही विचार करा. अमेरिकेत गेम खेळणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत. आपल्याकडे लोकलमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये मोबाइलवर कोण काय खेळतंय ते डोळे उघडे ठेवून बघा.

मुलीला स्वतःला चालत असेल तर तुम्ही कोण बोलणाऱ्या?

तिच्या कपड्यांवर बोलणारी मी कोणी नाही. तिने काय घालावं हा तिचाच प्रश्न. मी बोलते ते कंपनीच्या निर्णयावर.

कितीतरी मुली हे काम खुशीने करतात. दुकानात महिनाभर उभं राहून मिळणार नाही ते काही दिवसांत मिळतं, फी भरता येते, घरी मागावं लागत नाही. काहींना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला आवडतं, पुढे मॉडेलिंग करायचं असतं. यात चुकीचं काहीही नाही. पण ‘तिला चालतं’ हे वाक्य बहुतेक वेळा तिच्या तोंडून आलेलं नसतं. कपड्यांचा फोटो आदल्या रात्री अकराला येतो. सकाळी प्रत्यक्षात ड्रेस दोन साइझ लहान निघतो. नाही म्हटलं तर ‘रिप्लेसमेंट आहे’ हे उत्तर तयार, आणि पुढचं काम देणाराही तोच कोऑर्डिनेटर. यातल्या होकाराला मी मोकळा होकार म्हणत नाही.

मग नऊवारी, नथ आणि फेटा घातला की प्रश्न मिटला?

पुण्यात हा उपाय फार लवकर सुचवला जातो. २०११ मध्ये आयपीएलमधल्या पुणे वॉरियर्सने परदेशी धर्तीच्या चीअरलीडर न ठेवता भारतीय नृत्याच्या पोशाखातल्या नर्तकी आणल्या, तेव्हा खूप जणांना हायसं वाटलं होतं. पण गेमच्या स्टॉलवर नऊवारी नेसून, हातात गुलाबाचं ताट घेऊन, एक शब्द न बोलता दहा तास उभी राहिलेली मुलगी शोभेचीच वस्तू राहते. उलट नऊवारी असो की जीन्स, तिच्या हातात कंट्रोलर असेल आणि ती समोरच्याला हरवत असेल, तर माझी काहीच तक्रार नाही.

‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणून स्टॉलवर येऊन मुलींवर ओरडणारे लोकही मी पाहिले आहेत. ओरडा मुलीवर, कंपनीचा मॅनेजर मात्र मागच्या केबिनमध्ये चहा पितोय. त्यांच्या बाजूने मला धरू नका.

कॉस्प्लेमध्येही, म्हणजे गेम-कॉमिकमधल्या पात्राचा हौसेने वेश करण्यात, तोकडे कपडे असतात. ते कसे चालतात?

कॉस्प्ले करणारी मुलगी स्वतःच्या आवडीचं पात्र निवडते, महिनोन्‌महिने खपून चिलखत कापते, विग बसवते, तिकीट काढून येते. ते तिचं स्वतःचं काम आणि तिची हौस. पुण्याच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक-गेमच्या चाहत्यांच्या मेळ्याला, गेलात तर एकेक शिवण ती किती हौसेने दाखवते बघा. मात्र कॉस्प्ले म्हणजे हात लावायची परवानगी नव्हे. फोटोसुद्धा विचारूनच काढायचा. आणि कंपनीने पैसे देऊन पात्राचा वेश चढवला असेल, तर तिथे पुन्हा कामाच्याच अटी लागू.

गेममधली पात्रंच तशी असतील तर स्टॉलवाल्याने काय करायचं?

पात्र कसं काढलंय ही गेम बनवणाऱ्यांची जबाबदारी, आणि ते वेगळंही काढता येतं. आपल्याच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली एक मुलगी त्याची नायिका. तो विकायला कोणाला तोकडे कपडे घालावे लागले नाहीत.

बंदी आली तर या मुलींच्या पोटावर पाय येईल ना?

हा प्रश्न सर्वांत खरा आहे, आणि महाराष्ट्राने त्याचं उत्तर एकदा भोगलेलं आहे. २००५ मध्ये राज्याने डान्स बार बंद केले. नैतिकतेची भाषणं झाली, आणि हजारो बायका रस्त्यावर आल्या. मालकांनी दुसरे धंदे शोधले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं, पण मधल्या वर्षांत ज्यांची घरं उठली ती उठलीच.

म्हणून मी बायकांना काढा असं म्हणत नाही. कपड्यांची सक्ती काढा, तेवढेच पैसे द्या, त्याच मुलींना गेम शिकवा आणि उभ्या करा. शिकायला एक दुपार लागते. त्या दुपारचेही पैसे द्या.

मी हे काम घेतेय. आधी काय विचारू?

सगळं लेखी विचार. व्हॉट्सअ‍ॅपवर असलं तरी चालेल, पण लेखी.

कपड्यांचा फोटो आणि साइझ काम स्वीकारण्याआधी माग, आणि ‘यापेक्षा वेगळा ड्रेस चालणार नाही’ असं उत्तर पाठवून ठेव. कपडे कुठे बदलायचे ते विचार. फ्लेक्सच्या मागे, कोणीतरी चादर धरून, हे चालवून घेऊ नकोस. कडी असलेली खोली हवी. दर दोन तासांनी बसायला मिळणार का, हील्सऐवजी सपाट चप्पल चालेल का, हेही विचार. संध्याकाळी सहानंतर स्टँडीला टेकून एक पाय बुटातून बाहेर काढून उभ्या असलेल्या मुली मी प्रत्येक प्रदर्शनात बघते. ‘गर्दीत फिरून पत्रकं वाट’ आणि ‘स्टॉलच्या आत उभी राहा’ यांत खूप फरक आहे, कारण आत काउंटर असतो आणि पाठ भिंतीला असते. काढलेले फोटो कंपनी पुढे कुठे वापरणार, किती दिवस, तेही ठरवून घे.

पैशांचं: रक्कम, तारीख, कोण देणार. ‘क्लायंटकडून आले की देतो’ याचा अर्थ दोन-तीन महिने. निम्मे आगाऊ मागण्यात लाज नाही. रात्री उशीर होणार असेल तर गाडी कोणाची? दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षा आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय लागते. मोशीहून कात्रजला रात्री एकटीने जायचं म्हणजे काय, हे मॅनेजरला माहीत नसेल तर सांग.

कोणी हात लावला, पाठलाग केला, घाणेरडं बोललं तर? मी तर फक्त तीन दिवसांसाठी आहे.

तीन तासांसाठी असलीस तरी कायदा तुझ्या बाजूने आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तात्पुरती, रोजंदारीवरची, एजंटमार्फत आलेली कर्मचारीही मोडते. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, कंपनीने दिलेली गाडीसुद्धा, कामाचं ठिकाण धरली जाते. बाहेरून येणाऱ्या लोकांपासूनही तुला सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती लागते. ती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

पोलिसांकडेही जाता येतं. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ कलम ७५, कपडे बदलताना चोरून बघणं किंवा चित्रण करणं कलम ७७, पाठलाग कलम ७८. ताबडतोब मदत हवी असेल तर ११२. स्टॉलवर सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी फुटेज जपून ठेवायला लेखी सांग, ते लवकर पुसलं जातं.

मी आई आहे. मुलीला या कामाला पाठवू का?

ताई, तिला थांबवण्याआधी वरचे प्रश्न तिच्याबरोबर बसून वाचा. उत्तरं नीट मिळाली तर जाऊ द्या. आणि काही विपरीत घडलं तर ‘तरी मी सांगत होते’ म्हणू नका. ते ऐकावं लागेल या भीतीने मुली घरी काहीच सांगत नाहीत, आणि तक्रारीची मुदत तशीच निघून जाते.

पुरुष मॉडेल ठेवले तर समानता होईल का?

नाही. उघड्या छातीचा मुलगाही शोभेलाच उभा. नियम सगळ्यांना सारखा.

मी आयोजक आहे. नेमकं करारात काय लिहू?

स्टॉलच्या भाड्याच्या करारात हे कलम घाला, मी माझ्या ग्राहकांना हेच देते: ‘स्टॉलवरील प्रत्येक व्यक्तीस उत्पादनाची माहिती देण्याची जबाबदारी स्टॉलधारकाची राहील. पोशाख त्या व्यक्तीने काम स्वीकारण्यापूर्वी लेखी मान्य केलेला असावा. लैंगिक आकर्षणाचा वापर करून प्रचार करता येणार नाही. भंग झाल्यास दंड स्टॉलधारकास होईल. कामावरील व्यक्तीचे मानधन कापता येणार नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर कंपनी दंड भरते आणि तो मुलीच्या पैशांतून वसूल करते. शिवाय हॉलमध्ये कडी लागणारी एक खोली, तिथे आरसा आणि पंखा, आणि तक्रार घेणाऱ्या बाईचा नंबर प्रत्येक स्टॉलच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असू द्या. पहिल्या दिवशी सकाळी, गर्दी सुरू व्हायच्या आधी, स्वतः एक फेरी मारा. प्रत्येक स्टॉलवर उभ्या असलेल्या मुलीला म्हणा, ‘मला हा गेम दाखव.’